सोनोग्राफीत खडा, डोळ्यांत कावीळ: आधी कशाकडे बघायचं?

सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांचे धाकटे दीर ३६ वर्षांचे, यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. आधी चार दिवस कणकण, मळमळ, अन्नाचा वासही नको, पोटात कळ मात्र नाही. मग ताप उतरला आणि डोळे पिवळे झाले. रक्तात बिलिरुबिन ७.४, एसजीपीटी १६४०. सोनोग्राफीत तीन गोष्टी लिहून आल्या: यकृतात चरबी, ग्रेड २, पित्ताशयात ९ मिलिमीटरचा एक खडा, मुख्य पित्तनलिका ४ मिलिमीटर. ओळखीतल्या एकाने सांगितलं, खड्यामुळेच कावीळ झालीय, लगेच ऑपरेशन करून घ्या. सासूबाईंचा आग्रह आहे की गावाकडे नेऊन काविळीची माळ घालावी. घरात तेल-हळद बंद, फुटाणे आणि उसाचा रस सुरू. आणि जाऊबाईंना सातवा महिना लागलाय. यातलं खरं दुखणं कोणतं, आणि ऑपरेशन करायचं की नाही, असा प्रश्न आहे.

ताई, जाऊबाईंचा सातवा महिना ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत. तिच्याकडे येतोच. पण आधी ऑपरेशनचं सांगतो, म्हणजे घरातला गोंधळ थांबेल. आत्ता ऑपरेशन करू नका. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून ही कावीळ खड्याची वाटत नाही, यकृताला विषाणूमुळे आलेल्या सुजेची वाटते. अशा सुजलेल्या यकृतावर भूल आणि शस्त्रक्रिया यांचा ताण पडला तर ते निकामी होण्याची भीती असते. खडा तिथे बहुधा कित्येक वर्षांपासून बसलेला असेल. आता पहिल्यांदा सोनोग्राफी झाली म्हणून तो दिसला, एवढंच.

सोलापुरात पोटाचे आणि यकृताचे रुग्ण बघताना मला सगळ्यात जास्त हीच चूक दिसते. एका कागदावर तीन गोष्टी आल्या की माणसं त्यांचा एकच आजार करून टाकतात. कावीळ हा मुळात आजार नाहीच, ती खूण आहे. आपल्याकडे नळाला पाणी आलं नाही तर आपण काय विचारतो? टाकीतच काही गडबड आहे, मोटार बिघडलीय, की लाइन तुंबलीय? तसंच इथे विचारायचं.

अंगातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात. त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं. उजव्या बरगड्यांखालचं सव्वा-दीड किलोचं यकृत ते रक्तातून उचलतं आणि पित्तात सोडतं. दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं आणि नलिकेतून लहान आतड्यात उतरतं. वाटेत पित्ताशय नावाची छोटी पिशवी लागते. ती जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर पित्त साठवते, आटवून घट्ट करते आणि जेवण झालं की आतड्यात सोडते. शौचाला जो तपकिरी रंग असतो तो या पित्ताचाच. म्हणजे कावीळ तीन ठिकाणी होऊ शकते: पेशी फार मोडायला लागल्या तर रक्तात, यकृत सुजलं तर यकृतात, आणि नलिका अडली तर वाटेत. तिन्हीमध्ये डोळे सारखेच पिवळे दिसतात. उपचार मात्र पूर्ण वेगळे.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींच्या आतलं द्रव्य. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. एरवी ते साधारण ४०च्या आत असतं, तुमच्या दिरांचं १६४० आहे. एवढा आकडा विषाणूच्या सुजेत येतो, काही औषधांच्या किंवा विषाच्या परिणामात येतो. नलिका तुंबली असती तर अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी हे दोन आकडे जास्त चढले असते आणि नलिका फुगली असती. पित्ताशय जागेवर असताना ही नलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, त्यांची ४ आहे. एक अपवाद सांगतो, कारण नवख्या डॉक्टरचीही तिथे फसगत होते. बारीक खडा नलिकेतून सटकून जात असताना एसजीपीटी एखाद-दोन दिवस हजारापर्यंत उसळू शकतो. पण त्या वेळी माणूस वेदनेने गडबडा लोळतो, आणि आकडा दोन-तीन दिवसांत झपाट्याने खाली येतो. तुमच्या दिरांना पोटात कळ आलेलीच नाही. आधी ताप, मग मळमळ, आणि ताप गेल्यावर पिवळेपणा, हा क्रम विषाणूचा.

माझ्याकडे काविळीचा रुग्ण आला की रिपोर्टची पिशवी उघडायच्या आधी मी त्याला खिडकीशी उभा करतो. ट्यूबलाइटच्या उजेडात कावीळ चुकते. दिवसाच्या उजेडात खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघायचा. बिलिरुबिन अडीच-तीनच्या वर गेलं की तिथे पिवळी झाक दिसते. मग लघवी काचेच्या बाटलीत मागवतो आणि बाटली जोरात हलवतो. साध्या गडद लघवीचा फेस पांढरा येतो. काविळीच्या लघवीचा फेस पिवळा येतो आणि बराच वेळ तसाच राहतो. तिसरी गोष्ट म्हणजे शौचाचा रंग. लोक सांगायला लाजतात, मी मात्र हटकून विचारतो. शौचाला रंग असेल तर पित्त थोडंफार उतरतंय. ओल्या शाडूसारखी पांढुरकी शौच दिवसेंदिवस होत असेल, अंगाला खाज असेल, तर वाट अडल्याचा संशय घ्यायचा. विषाणूच्या काविळीतही मधले काही दिवस शौच फिकी होते, पण ती पुन्हा रंग धरते.

आता तुम्ही करायच्या तपासण्या. हिपॅटायटिस, म्हणजे विषाणूने येणारी यकृताची सूज, तिच्या ए आणि ई या प्रकारांची आयजीएम तपासणी (ताजी लागण दाखवणारी), बी साठी एचबीएसएजी, सी साठी अँटी-एचसीव्ही. आणि या सगळ्यांच्या आधी पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. ही तपासणी बहुतेक घरांत कुणाला माहीत नसते आणि बिलिरुबिनचाच आकडा सगळे रोज मोजत बसतात. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं. यकृत दमलं की ती कमी पडतात आणि आयएनआर वाढतो. बिलिरुबिन १५ असून माणूस धोक्याबाहेर असू शकतो, आणि ८ असूनही गंभीर असू शकतो. आयएनआर दीडच्या पुढे गेला तर घरी थांबायचं नाही, दाखल करायचं.

दिवसभर झोप आणि रात्री टक्क जागरण, बोलताना अडखळणं, ओळखीच्या माणसाची नावं चुकणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, पोट फुगणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच वेळी दवाखाना गाठा. दिरांना रोज संध्याकाळी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेखाली सही करायला सांगा. यकृताचा परिणाम मेंदूवर होऊ लागला की सही बिघडते, आणि ते घरच्यांना बोलण्यातला फरक कळायच्या आधी दिसतं. अशा वेळी १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. यकृत निकामी व्हायला लागलं तर प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी, म्हणजे आपल्याला पुणे किंवा हैदराबाद, पहिल्याच दिवशी बोलणं करावं लागतं. पुणं अडीचशे किलोमीटरवर आहे. रुग्ण बेशुद्ध झाल्यावर एवढा प्रवास फार अवघड होतो.

आता जाऊबाई. हिपॅटायटिस ए आणि ई दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात. ए झालेला धडधाकट माणूस बहुधा बरा होतो. ई चंही तसंच, पण गरोदर बाई सोडून. शेवटच्या तिमाहीत ई झाला तर १०० मधल्या १५ ते २५ बायका दगावल्याच्या नोंदी आहेत. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्यातही गरोदर बायकांचे मृत्यू जास्त होते. त्या वेळी हा विषाणू कुणाला माहीतही नव्हता. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे कळलं की ती साथ आज ज्याला आपण ई म्हणतो त्याची होती. ई ची लस आपल्याकडे उपलब्ध नाही. त्यामुळे काळजी हाच उपाय.

दिरांच्या ताटाला हात लावू नका, त्यांना वेगळ्या खोलीत ठेवा, असं मी म्हणणार नाही. विषाणू शौचातून सगळ्यात जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या दिवसांत. आणि ई माणसाकडून माणसाला तितका पसरत नाही, तो पाण्यातून येतो. दिरांनी जे पाणी प्यायलं तेच घरात सगळ्यांनी प्यायलंय, खरी काळजी ती. पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात, म्हणून पुढचे दोन महिने जाऊबाईंवर नजर ठेवा. त्यांची भूक गेली, मळमळ पुन्हा सुरू झाली, लघवी गडद झाली, तर सातव्या महिन्यात होतं असं, म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी एसजीपीटी, बिलिरुबिन आणि आयएनआर करा. एचबीएसएजी तर आजच बघा. गरोदरपणात ती तपासणी होते, त्यांच्या कार्डावर नोंद असेल.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या गावात मूळ तिथे आहे. उजनीचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. पाणी बंद झालं की जलवाहिनी रिकामी होते, आणि तिला कुठे चीर असेल तर शेजारच्या गटारातलं पाणी ती आत ओढून घेते. पुन्हा पाणी सुटलं की ते आपल्या हौदात येतं. म्हणून पाणी आलं की पहिली काही मिनिटं वाहू द्या, गढूळ किंवा वासाचं असेल तर ते पिण्याला भरूच नका. तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाही. विकतचा जार थंड असतो म्हणून शुद्ध असतो असं नाही. पिण्याचं पाणी खळखळा उकळा, त्याच भांड्यात झाकून गार करा, आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या, हात बुडवू नका. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या आपल्या माणसांनाही मी हेच सांगतो: वाटेतला गोळा, बर्फ घातलेलं सरबत, उघडं चिरलेलं फळ टाळा. वारीहून आल्यावर महिना-दीड महिन्याने कावीळ निघते, तोवर ते सरबत कुणाच्या लक्षातही नसतं.

उसाच्या रसाचंही म्हणूनच सांगतो. रसात साखर आहे, ओकारी होत असताना तेवढा आधार मिळतो. त्याने कावीळ उतरत नाही. आणि गाड्यावरचा रस असेल तर त्यातला बर्फ, धुतलेले पेले, माशा बसलेला चरक, म्हणजे ज्या वाटेने रोग आला तीच वाट. तेल-हळद बंद करायचं काही कारण नाही. हळदीने डोळे पिवळे होत नाहीत. यकृताला दुरुस्तीसाठी प्रथिनं लागतात, आणि आपण नेमकं त्याच वेळी माणसाला नुसत्या फुटाण्यांवर आणि रसावर ठेवतो. ज्वारीची भाकरी, वरण, मऊ भात, दही, चालत असेल तर अंडं, साधी फोडणी दिलेली भाजी द्या. एकदम जात नसेल तर थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. सकाळी भूक बरी असते, तेव्हा जास्त द्या. दारू पूर्ण बंद, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने नको. तापाला पॅरासिटामॉल दिवसात २ ग्रॅमच्या आत, तेही डॉक्टरांना विचारून. दुखण्यावरच्या इतर गोळ्या, झोपेच्या गोळ्या, ‘लिव्हर टॉनिक’ यांतलं काही नको.

माळेचं सासूबाईंना कसं सांगाल? त्यांना खोटं पाडू नका. त्यांनी माळेने माणसं बरी झालेली खरंच बघितलीत. ए आणि ई ची कावीळ चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरते, माळ घातली तरी आणि नाही घातली तरी. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठीने गुंफलेले असतात. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते, तिला आपण कावीळ उतरली म्हणतो. गळ्यात नुसती माळ राहिली तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती नाकात कडू रस ओतण्याला, दंडावर डाग देण्याला, आणि पोटात द्यायच्या काढ्याला. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीचे काढे घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले होते. सुजलेल्या यकृतावर आपल्याला माहीत नसलेलं कोणतंही पाळंमूळ घालायला नको. आणि सगळ्यात मोठी हरकत वेळेला. माळ सगळ्यांना सारखीच घातली जाते, ज्याची नलिका तुंबलीय त्यालाही.

अशा एका अक्कांची आठवण मला सुटत नाही. साठीच्या आतल्या, अक्कलकोटकडच्या. उजव्या बरगडीखाली कळ, हुडहुडी भरून ताप, डोळे पिवळे. घरच्यांनी सहा दिवस कावीळ उतरवून घेतली, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन झाले, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना धीर आला. सातव्या दिवशी माझ्याकडे आणल्या तेव्हा रक्तदाब लागत नव्हता, लघवी थांबली होती. नलिकेत खडा अडकला होता आणि वर साचलेल्या पित्तात पू झाला होता. त्या रात्री दुर्बीण घालून नलिका मोकळी केली तेव्हा पित्ताच्या जागी दाट पिवळसर पू वाहिला. त्या वाचल्या, पण वीस दिवस दवाखान्यात काढून. कळ, थंडी वाजून ताप आणि कावीळ ही तिन्ही एकत्र आली की तो पित्तनलिकेचा जंतुसंसर्ग समजायचा आणि तासांवर वेळ मोजायची. प्रतिजैविकं लगेच सुरू होतात, पण तुंबलेली वाट उघडल्याशिवाय ती पुरी पडत नाहीत. वाट उघडायच्या त्या पद्धतीला ईआरसीपी म्हणतात. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन नलिकेचं तोंड थोडं कापतात आणि खडा ओढून काढतात. तिच्यानंतर काही जणांना स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून नुसतं बघायला कुणी ईआरसीपी करू नये. बघायला एमआरसीपी हा एमआरआयचा स्कॅन आहे, त्यात आत काही घालावं लागत नाही.

दुखत नसलेली कावीळ मला जास्त घाबरवते. पन्नाशी-साठीच्या पुढचा माणूस, कळ नाही, ताप नाही, पण कावीळ रोज वाढतेय, खाजेने झोप नाही, शौच पांढरी, कपडे सैल झालेत. इथे पित्तनलिकेचा किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर आहे का, हे आधी बघायचं. सीटी स्कॅन लवकर झाला तर शस्त्रक्रिया शक्य असते. दोन महिने काढ्यात गेले की बहुतेक वेळा ती वेळ निघून गेलेली असते.

आता दिरांच्या खड्याकडे वळू. पित्ताशयात खडा असलेल्या बहुतेकांना जन्मभर त्रास होत नाही. त्रास नसलेल्या १०० जणांत वर्षाला एखाद-दोघांनाच कळ सुरू होते. म्हणून नुसता दिसला म्हणून काढायचा नसतो. खड्याची कळ कशी असते? लग्नाचं किंवा मटणाचं भरपेट जेवण, आणि रात्री एक-दोनला पोटाच्या खड्ड्यात किंवा उजव्या बरगडीखाली आवळल्यासारखं दुखणं. ते मागे उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत जातं, अर्धा तास ते चार-पाच तास टिकतं, आणि मग हळूहळू जातं. आपल्याकडे याला ‘गॅस’ म्हणतात आणि सोडा पितात. चाळिशीच्या पुढच्या माणसाला असं दुखलं तर आधी ईसीजी काढा, हृदयाचा झटकाही असाच पोटात दुखतो. ईसीजी साफ असेल आणि अशी कळ एकदा जरी येऊन गेली असेल, तर पित्ताशय काढलेलं बरं. कळ पुन्हा येते, आणि पुढच्या वेळी पित्ताशयाला सूज, नलिकेत खडा किंवा स्वादुपिंडाला सूज घेऊन येऊ शकते. बारीक खडे निरुपद्रवी असतात हा समज उलटा आहे. मोठा खडा पिशवीतच बसतो, बारीक खडा नलिकेत सटकतो.

मुतखड्याचा आणि या खड्याचा काही संबंध नाही. कुळथाचं पाणी पिऊन, बिअर पिऊन हा खडा वाहून जात नाही, कारण तो लघवीच्या वाटेवर नाहीच. तो विरघळवायची गोळी आहे, पण ती फक्त काही बारीक खड्यांवर, महिनोन्महिने घेऊन चालते, आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होतात. नुसता खडा काढून पिशवी का ठेवत नाहीत, असं सगळे विचारतात. रोग पिशवीत आहे, ती ठेवली तर ती पुन्हा खडे बनवते. पित्त यकृत तयार करतं, पिशवी नाही. पिशवी गेली की पित्त सरळ आतड्यात उतरतं. काहींना थोडे दिवस शौच पातळ होते, मग बसतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीने पित्ताशय काढायला सुरुवात केली. आज ते चार लहान छिद्रांतून होतं आणि सरळ केस असेल तर माणूस दोन दिवसांत घरी जातो. तुमच्या दिरांची कावीळ पूर्ण उतरल्यावर, एसजीपीटी जागेवर आल्यावर, शांतपणे विचारायचं: कधी अशी कळ आली होती का? नसेल तर खड्याला हात लावायचा नाही. पिशवीच्या भिंतीवर चुना साचला असेल, आत सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल किंवा खडा ३ सेंटिमीटरच्या वर असेल, तर वेगळा विचार करतात. त्यांच्या रिपोर्टात यातलं काही नाही.

चरबीचं दुखणं आजचं नाही, पण पुढच्या वीस वर्षांचा विचार केला तर तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. दारूला न शिवणाऱ्या माणसाचंही यकृत चरबीने सुजून, वण पडून, शेवटी कडक होतं. ग्रेड १, २, ३ हे फक्त सोनोग्राफीवर यकृत किती पांढरं दिसतं त्याचं वर्णन आहे, यकृत किती खराब झालं त्याचं नाही. वण पडलेत का, हे वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट यांच्या गणिताने आणि यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनने कळतं. पण आत्ता यातलं काही करू नका. सुजेत आकडे चढलेले असतात आणि फायब्रोस्कॅनही यकृत खोटं कडक दाखवतो. चार-सहा महिन्यांनी करा, सोबत साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तातल्या चरबीची तपासणी. उपाय वजनाचा. ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो कमी केले तर चरबीच नाही, सूजही उतरते. कारखान्यातल्या आठ-दहा गोड चहांपासून सुरुवात करा. भाकरीचं, शेंगाचटणीचं भय नको, रात्रपाळीच्या भज्या आणि थंड पेयांचं धरा.

बी किंवा सी पॉझिटिव्ह आलं तर घाबरून लपवू नका. ते एका ताटात जेवल्याने, पाण्यातून पसरत नाहीत. रक्तातून पसरतात, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला, एकच वस्तरा फिरवल्याने, जत्रेत एकाच सुईने गोंदवल्याने. सी आता १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० मधल्या ९५ जणांत पूर्ण बरा होतो. बी पूर्ण जात नाही, पण गोळीने ताब्यात राहतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात या तपासण्या आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत, आपल्या सिव्हिलला चौकशी करा. दिरांना बी निघाला तर घरातल्या सगळ्यांची तपासणी करून लस घ्या. जाऊबाईंना निघाला तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन मिळालंच पाहिजे. ते इंजेक्शन सगळीकडे ठेवलेलं नसतं, बाळंतपणाच्या आधी मागवून ठेवा.

बाळाचंच निघालं म्हणून: नवजात बाळाची कावीळ बहुधा साधी असते. पण दोन आठवडे उलटूनही ती राहिली आणि लंगोटातली शी पांढुरकी असेल, तर नुसतं उन्हात धरत बसू नका. पित्तनलिकाच नीट झालेली नसण्याचा एक आजार आहे, त्याची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर यश चांगलं येतं.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी दिसतात, थोडक्यात सांगतो. शिंदी किंवा दारू पिणाऱ्या माणसाला ताप आणि उजव्या बरगडीत बोट ठेवलं तरी सहन न होणारी कळ असेल, तर यकृतात अमिबाचं गळू बघायचं. तिथे कावीळ असेलच असं नाही. औषधाने आणि गरज पडली तर सुईने पू काढून ते चांगलं बरं होतं. दुसरं, मेंढपाळ घरांत यकृतात पाण्याची गाठ निघते. ती कुत्र्याच्या पोटातल्या जंताची असते. मेंढीचं कच्चं काळीज कुत्र्याला टाकलं की जंताचं चक्र चालू राहतं. अशा गाठीत न ओळखता सुई घालणं धोक्याचं, आतलं पाणी सांडलं तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

दिरांसाठी आज पीटी-आयएनआर आणि चार विषाणूंच्या तपासण्या द्या. आयएनआर दर दोन-तीन दिवसांनी, तो जागेवर राहिला तर आठवड्याने पुरे. बिलिरुबिन अजून थोडं चढेल, एसजीपीटी उतरत असेल, माणूस जेवत असेल आणि सही नीट असेल तर घाबरू नका. पण एसजीपीटी उतरतोय, बिलिरुबिन आणि आयएनआर मात्र चढतायत, असं दिसलं तर ती सुधारणा नव्हे, पेशीच उरल्या नाहीत असा त्याचा अर्थ. तेव्हा थांबू नका. आणि जाऊबाईंच्या कार्डावरची एचबीएसएजीची नोंद आज संध्याकाळीच काढून बघा.